मागच्या रांगेपर्यंत

निवेदकाला नाटकात काम करायचं होतं ते दिसण्यासाठी. ऐकू जाण्याची हौस त्याची केव्हाच फिटली होती. बस स्थानकाच्या दुधी काचेच्या खोलीत बसून त्याने पंचवीसएक वर्षं गाड्या पुकारल्या होत्या, आणि गावातलं शेंबडं पोरसुद्धा त्याचा आवाज ओळखत होतं. चेहरा मात्र कुणाच्याच गावी नव्हता. दुकानाच्या रांगेत उभं राहून त्याने "साखर दोन किलो" म्हटलं की पुढची चार डोकी गर्रकन मागे वळत, त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत, आणि कुणीच दिसलं नाही अशा थाटात पुन्हा पुढे वळत.

बरं, तेही त्याने चालवून घेतलं असतं. पण गेल्या वर्षी खात्याने यंत्र आणलं. त्याआधी निवेदकाला एका बंद खोलीत बसवून सगळ्या गावांची नावं, सगळे आकडे, 'येत आहे', 'सुटत आहे', 'रद्द झाली आहे' असं सुटं सुटं वदवून घेतलं. हा बावळट मोठ्या उत्साहाने वदला. घसा बसेपर्यंत वदला. आणि पुढच्याच महिन्यात त्याची बदली हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर झाली. तिथे बेवारस छत्र्या, डबे आणि एकेकट्या चपलांच्या राशीत बसून तो दिवसभर स्वतःचाच आवाज ऐकू लागला. 'फलाट क्रमांक' म्हटल्यावर यंत्र जो बारीक श्वास घेई, तो श्वाससुद्धा त्याचाच होता.

त्याला खरी टोचणी होती ती आईची. तो नोकरीला लागल्यापासून आई काही ना काही निमित्त काढून स्थानकात यायची, बाकावर बसायची आणि लेकाच्या चार-पाच गाड्या ऐकून घरी जायची. शेजारच्या अनोळखी बाईला कोपराने ढोसून सांगायची, "हा आहे ना, तो आमचा." मग दोन वर्षांपूर्वी तिचे कान पार गेले. कानातली यंत्रं आणून झाली. तिने ती "डोक्यात मधमाश्या सोडल्यात" म्हणून कपाटात टाकून दिली, आणि समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखायला शिकली. समोर बसून सावकाश बोललं की तिला बहुतेक सगळं कळे. पण गाड्या पुकारणारे ओठ तर काचेमागे होते, आणि आता तिथेही नव्हते. एकदा भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "आता तुझं काम मला कळायचं कसं रे?" आवाजाचा अंदाज सुटल्यामुळे ती हे इतक्या मोठ्याने म्हणाली, की खालच्या मजल्यावरच्यांनाही ते कळलं. आईने आपल्याला काहीतरी करताना एकदा डोळ्यांनी बघावं, एवढं निवेदकाच्या मनाने घेतलं ते तेव्हापासून.

म्हणून नाट्यगृहाच्या भिंतीवर 'हौशी मंडळाला नव्या कलावंतांची गरज आहे' असा कागद दिसल्यावर तो त्याच संध्याकाळी तालमीला जाऊन धडकला.

तालीम एका शाळेच्या सुतारकामाच्या खोलीत चाले. भिंतीला करवती टांगलेल्या, जमिनीवर भुसा, आणि त्या भुशात खडूने आखलेली दारं-खिडक्या. दिग्दर्शकांचं चष्म्याचं दुकान होतं, पण इथे सगळे त्यांना सर म्हणत. पोस्टात काउंटरवर बसणाऱ्या एक बाई थोरल्या मुलीचं काम करत होत्या, आणि विमा विकणारा एक गोरागोमटा गृहस्थ धाकट्या मुलाचं. नाटक सरांनी स्वतः लिहिलेलं होतं. घड्याळं दुरुस्त करणारा एक बाप वारतो आणि त्याच्या दुकानाचं काय करायचं म्हणून मुलं जमतात, अशी त्याची गोष्ट.

"वाचा बघू," सरांनी त्याच्या हातात कागद दिला.

निवेदक वाचू लागला. सरांनी डोळे मिटले. इथेच खरं तर त्याने काय ते ओळखायला हवं होतं. पण तो आपला हातवारे करत, भुवया उडवत, मिटलेल्या डोळ्यांपुढे जीव तोडून अभिनय करत राहिला.

"सापडला!" सर डोळे उघडून ओरडले. "आपला बाप सापडला!"

निवेदकाला स्वर्ग दोन बोटं उरला. पहिल्याच दिवशी बापाचं काम! त्याने ओशाळून विचारलं, "पण बाप तर वारलेला असतो ना?"

"वारलेलाच आहे. शेवटी त्याचा नुसता आवाज येतो. विंगेतून." सर खुशीत हात चोळत होते. "आवाज कसा, मागच्या रांगेपर्यंत पोचला पाहिजे. तुमचा पोचेल."

"तसं नाही... म्हणजे, मला जरा रंगमंचावर उभं राहायला मिळालं तर..."

खोलीत हशा पिकला. पोस्टातल्या बाईंनीच त्याला समजावलं. "अहो, आपल्याकडे पहिलं वर्ष पडद्याआड. शिस्तच आहे ती मंडळाची. मी वर्षभर पडदा ओढला. सरांनी स्वतः त्यांच्या तरुणपणी खुर्च्या उचलल्यात."

"आणि तुम्हाला तर निदान बोलायला मिळतंय, भोंगेराव!" विमावाला म्हणाला.

झालं. त्या दिवसापासून तो भोंगेराव झाला. पंचवीस वर्षांत स्थानकातल्या हमालांनीही त्याला असं नाव ठेवलं नव्हतं. इथे तासाभरात बारसं उरकलं.

पुढचे दोन महिने भोंगेरावांनी काय केलं म्हणाल, तर पडेल ते. खोलीतला भुसा झाडला, खडूची दारं पुसट झाली की पुन्हा आखली, खुर्च्या लावल्या. जो गैरहजर असेल त्याच्या जागी संहिता धरून उभा राहिला. विमावाला आठवड्यातून दोनदा तरी गैरहजर असे, कारण त्याची गिऱ्हाइकं म्हणे संध्याकाळीच सापडत. मग धाकट्या मुलाच्या जागी निवेदक उभा राही, आणि एखाद्या वाक्याला मान जराशी झुकवली की सर म्हणत, "नुसतं वाचा. अभिनय नको. बाईंचं लक्ष उडतं." तो मूग गिळून नुसता वाची. घरी येताना मात्र न केलेला सगळा अभिनय रस्त्याच्या दिव्यांना करून दाखवी.

नाटकात एक नोकर होता. दुकानात चहा-पाणी आणून देणारा, एकही वाक्य नसलेला. निवेदकाने सरांना एकटं गाठून तो मागितला. "पडद्याआडची शिस्त मान्य आहे, सर. पण नुसता ट्रेच तर आणायचाय. आईला एकदा दाखवायचंय हो. तिला ऐकू येत नाही."

सरांनी खांद्यावर हात ठेवला. ज्या अर्थी खांद्यावर हात ठेवला, त्या अर्थी नकार येणार हे निवेदकाने ओळखलं. "बघतो," सर म्हणाले. दुसऱ्या दिवशी नोकराच्या जागी सरांचे साडू उभे! मंडळात येऊन त्यांना आठवडाही झाला नव्हता. "घरचा माणूस आहे, त्याला काय पडद्याआड बसवणार," असं सर बाईंना हळूच म्हणाले. निवेदकाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्याने ती झाडूवर काढली. खोली त्या दिवशी लखलखीत झाली.

घरी बायको म्हणाली, "अहो, सोडा ना मग. हौसेसाठी जायचं आणि तोंड पाडून परत यायचं, हे कुणी सांगितलंय?"

सोडणार कसं? आईला त्याने आधीच सांगून टाकलं होतं. नाटकात घेतलंय एवढंच सांगितलं होतं. आईने त्यावर सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं होतं, "बोलायचं आहे ना तुला?" त्याने मान हलवली होती. खोटं काय त्यात? बोलायचं तर होतंच.

एवढ्यावर ती थांबेल तर ना. "दाखव बोलून," म्हणून ती रोज जेवणं झाली की त्याला समोर बसवी. निवेदक बापाचं भाषण म्हणे, आणि ती चष्मा पुसून त्याच्या ओठांकडे टक लावून बसे.

'मी इथंच होतो. याच खुर्चीत बसून होतो. तुम्ही आलात, गेलात, दिवे लावलेत, दिवे मालवलेत. माझ्या अंगावरून नजर फिरवलीत आणि माझ्याशिवाय सगळं बघितलंत. आता खुर्ची रिकामी झाली, तर तिच्याकडे टक लावून बसलात. अरे, भरलेली होती तेव्हा एकदा तरी बघायचं होतं.'

"मालवलेतला ओठ मिटतात तुझे," आई सांगे. "नीट उघड." हळूहळू तिला ते भाषण पाठ झालं. तो बोलू लागला की तिचेही ओठ हलत. आणि दर वेळी भाषण संपलं की ती सुनेला तीच जुनी गोष्ट ऐकवे: "दुसरीत असताना शाळेच्या कार्यक्रमात कविता विसरला आणि ठोंब्यासारखा उभा राहिला. मी खालून ओरडले, बोल रे, घाबरू नकोस! तेव्हा कुठे धडाधड म्हणाला." सून ही गोष्ट लग्नापासून ऐकत आली होती. निवेदकाला ती आता पन्नाशीतही कानकोंडं करी. तरी एक गोष्ट खरी, की त्या खोलीत आईसमोर बसून बोलताना त्याला जे बरं वाटे, तसं सुतारकामाच्या खोलीत एकदाही वाटलं नाही.

प्रयोग जवळ आला तशी सरांना एक नवीनच कल्पना सुचली. "भोंगेराव, तुमचं भाषण आपण रेकॉर्ड करून घेऊ. म्हणजे कसं, घसा बसायला नको, सर्दी व्हायला नको. दर प्रयोगाला तुम्ही आलंच पाहिजे असंही नको. तुमचीही सोय, आमचीही सोय."

'तुमचीही सोय' हे शब्द निवेदकाने खात्याच्या साहेबांकडून जसेच्या तसे ऐकले होते. "मला सोय नकोय," तो म्हणाला. "मी रोज येईन. पावसापाण्याचा येईन."

"अहो, पण आवाज तुमचाच राहील ना!"

"स्थानकातही माझाच आहे," निवेदक म्हणाला. त्यावर सगळे हसले. त्याला वाटलं होतं, निदान एकजण तरी गप्प बसेल.

तरीही त्याने रेकॉर्ड करून दिलं. का दिलं, हे त्याचं त्यालाच उमगलं नाही. कुणी 'आवाज द्या' म्हटलं की द्यायचा, ही सवय हाडीमाशी खिळली होती म्हणा. आवाज घुमू नये म्हणून एका कपड्यांच्या कपाटात तोंड घालून, भाषण एका दमात म्हणून तो बाहेर आला. सरांनी पुन्हा डोळे मिटून ते ऐकलं आणि म्हणाले, "वा! आता तुम्ही सुटलात." त्या दिवशी घरी येऊन तो जेवलाच नाही. बायकोला म्हणाला, "उद्यापासून जात नाही. गेलं खड्ड्यात त्यांचं नाटक." आणि आईने समोरची खुर्ची ओढून "चल, बस, बोल" म्हटलं, तेव्हा त्याने डोकं दुखत असल्याची खूण करून दिवा मालवला. तिच्यासमोर तोंड उघडायची त्याला लाज वाटत होती.

पण नशिबाचे फेरे बघा. दुसऱ्याच दिवशी साडू रुसले. ट्रे घेऊन नुसतं ये-जा करणं आपल्याला शोभत नाही, नातेवाईक काय म्हणतील, निदान दोन वाक्यं तरी द्या, असा त्यांनी हट्ट धरला. सरांनी वाक्यं दिली नाहीत. मग साडूंना आवाजाचं यंत्र सांभाळायला बसवलं, त्याला 'ध्वनिसंयोजन' असं भारदस्त नाव दिलं, आणि पोस्टातल्या बाई थेट सामानाच्या खिडकीवर येऊन निवेदकाला म्हणाल्या, "चला, ट्रे तुमचा."

निवेदक एका छत्रीला चिठ्ठी बांधत होता. त्याने ती तशीच खिडकीशी आपली छत्री मागायला आलेल्या एका बाईच्या हातात दिली. होती ती दुसऱ्याच कुणाची तरी.

आनंद टिकला तो संध्याकाळपर्यंत. तालमीला सरांनी त्याला ट्रे धरून उभं केलं आणि बजावलं, "एक लक्षात ठेवा. तोंडातून चकार शब्द निघता कामा नये. खोकला नाही, हुंकार नाही. बापाचा आवाज तुमचा आहे. नोकर बोलला तर प्रेक्षक गोंधळतील, सगळं मुसळ केरात. ट्रे आणायचा, बापाच्या रिकाम्या खुर्चीमागे उभं राहायचं, आवाज संपेपर्यंत ओठ मिटून."

"ओठसुद्धा?"

"ओठसुद्धा."

आता याला काय म्हणावं? बोलायला मिळालं तेव्हा दिसायची बंदी, आणि दिसायला मिळालं तेव्हा बोलायची. निवेदकाला ट्रे सरांच्या डोक्यात घालावासा वाटला. पण आई बघणार होती. खुर्चीमागे का होईना, दिव्यात उभा असलेला लेक तिला दिसणार होता. तेवढ्यासाठी त्याने ओठ मिटले. आईला मात्र हे सांगायचं त्याने आज-उद्या करत टाळलं. शेवटी प्रयोगाचा दिवस उजाडला, आणि आईने ठेवणीतली साडी नेसून "भाषण आठवतंय ना?" असं विचारलं, तेव्हा त्याच्याच्याने सांगवेना. त्याने पुन्हा एकदा नुसती मान हलवली.

प्रयोग संध्याकाळी सुरू झाला. आई तिसऱ्या रांगेत, शेजारी बायको. पडद्याच्या फटीतून त्याने दोघींना बघून घेतलं. आई सगळ्यांच्या ओठांवर नजर ठेवून पुढे झुकून बसली होती, आणि मधूनमधून सुनेला कोपराने ढोसत होती. हा अजून आला कसा नाही, असं विचारत असणार.

पहिला अंक बरा गेला. दुसऱ्यात विमावाला दोन पानं गाळून पुढे गेला आणि बाईंनी त्याला शिताफीने मागे आणलं. मग शेवटचा प्रवेश आला. निवेदक ट्रे घेऊन आत गेला. दिव्यांचा झोत अंगावर पडला. त्याने ट्रे ठेवला आणि ठरल्याप्रमाणे खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. तिसऱ्या रांगेत आई ताठ झाली. तिने सुनेचा हात घट्ट धरलेला त्याला दिसला.

सगळे नट जागच्या जागी थिजले आणि खुर्चीकडे बघू लागले. वरच्या कर्ण्यातून बापाचा आवाज आला.

'मी इथंच होतो. याच खुर्चीत बसून होतो.'

आवाज खरंच सुरेख होता, स्वच्छ, भारदस्त. कुणाच्या तरी घशातला हुंदकाही ऐकू आला. पण आईला यातलं काय ऐकू येणार? तिला दिसत होतं ते एवढंच: सगळी माणसं गप्प, कुणाचेही ओठ हलत नाहीत, सगळ्यांची तोंडं तिच्या लेकाच्या दिशेने, आणि तिचा लेक मधोमध तोंड मिटून ठोंब्यासारखा उभा. भाषणाची जागा तर हीच. याच खुर्चीचं भाषण. म्हणजे पोरगं विसरलं! पुन्हा विसरलं!

"बोल रे!" तिसऱ्या रांगेतून आई ओरडली. "घाबरू नकोस, बोल! मी इथंच होतो... याच खुर्चीत... बोल की!"

सगळं नाट्यगृह वळलं. सुनेने तिचं तोंड दाबायला हात नेला, तो तिने झटकून टाकला. विंगेतून सर दोन्ही हातांनी 'नाही, नाही' अशा खुणा करू लागले, त्या आईला होत्या की निवेदकाला, कळायला मार्ग नव्हता. निवेदकाने दोन महिने गिळलेलं सगळं एकदम वर आलं: भुसा, भोंगेराव, साडू, सोय. आणि समोर आई. ती उठून उभी राहायच्या बेतात होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसती काळजी होती, दुसरीतल्या पोराची.

त्याने तोंड उघडलं. आवाज न काढता, वरून येणाऱ्या स्वतःच्याच आवाजावर त्याने ओठ हलवायला सुरुवात केली. 'तुम्ही आलात, गेलात, दिवे लावलेत...'

आई खाली बसली. तिचेही ओठ हलू लागले.

इकडे साडूंची तारांबळ उडाली होती. प्रेक्षकांतून कुणीतरी 'बोल, बोल' ओरडतंय म्हणजे आपला आवाज पोचत नाही, असा त्यांनी अर्थ काढला आणि घाईघाईने यंत्राची जी दिसली ती कळ दाबली. 'दिवे माल...' एवढं म्हणून बाप गप्प झाला. कर्णा बंद. आता नाट्यगृहातल्या कुणालाच आईपेक्षा जास्त ऐकू येत नव्हतं.

निवेदकाचे ओठ मात्र थांबले नव्हते. ते 'मालवलेत' म्हणायला उघडलेच होते, चांगले नीट उघडले होते, आणि त्यातून आवाज आला.

"...मालवलेत. माझ्या अंगावरून नजर फिरवलीत आणि माझ्याशिवाय सगळं बघितलंत."

पोस्टातल्या बाईंनी खुर्चीवरची नजर उचलली आणि त्याच्याकडे बघितलं. तसं करायचं ठरलं नव्हतं. विमावाल्यानेही बघितलं. निवेदक कुणाकडेच बघत नव्हता. तो तिसऱ्या रांगेकडे बघून, एकेक शब्द सावकाश, ओठ पुरते उघडून म्हणत होता. सर्दी नव्हती, घसा बसलेला नव्हता. "आता खुर्ची रिकामी झाली, तर तिच्याकडे टक लावून बसलात," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज चढला, जितका रागाने चढायला हवा तितका, कदाचित थोडा जास्तच. "अरे, भरलेली होती तेव्हा एकदा तरी बघायचं होतं!"

पडदा पडला. पलीकडे टाळ्या किती झाल्या, हे त्याला नीट कळलंच नाही, कारण सर त्याच्या अंगावर धावून येत होते.

"काय केलंत हे? काय केलंत? ओठसुद्धा नाही म्हणालो होतो मी! नोकराच्या तोंडात बापाचं भाषण! माझ्या नाटकाचा..."

त्यांना वाक्य पुरं करता आलं नाही. सुनेचा हात धरून आई पायऱ्या चढून थेट आत आली होती. ती निवेदकाकडे गेलीच नाही. तिने सरांचा हात दोन्ही हातांत धरला, त्यांना स्वतःकडे वळवलं आणि सबंध नाट्यगृहाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "हो सर, आवाज पोचला का त्याचा? मागच्या रांगेपर्यंत?"

हा प्रश्न तिने कुठून उचलला, ते निवेदकाला ठाऊक होतं. आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचला पाहिजे असं सर म्हणाले, एवढं मात्र त्याने तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

सरांनी तोंड उघडलं. त्यात बरंच काही येऊन थांबलं होतं. आजूबाजूला बाई, विमावाला, वायर हातात धरून उभे असलेले साडू, सगळे बघत होते. समोर आई मान वर करून त्यांच्या ओठांकडे टक लावून उभी. पुटपुटून भागणार नव्हतं. तिथे शब्द नीट उघडूनच म्हणावा लागणार होता.

"पोचला," सर म्हणाले.

आईच्या कपाळावर आठ्या पडल्या. "काय? ओठ मिटतात तुमचे."

"पोचला, आई," सर सावकाश, मोठ्ठं तोंड करून म्हणाले. "मागच्या रांगेपर्यंत पोचला."

"मग झालं तर," आई म्हणाली आणि सरांचा हात सोडून तिने पदराने लेकाच्या कपाळावरचा घाम पुसला. "विसरला होता हो. लहानपणापासून असंच आहे त्याचं. मी होते म्हणून."

ज्याच्या भाषणातली एक मात्रासुद्धा कधी हलली नव्हती, तो निवेदक सगळ्यांदेखत मान हलवून म्हणाला, "हो. विसरलो होतो."